शाळेची घंटा आणि सकाळची बस : नांदेड-लातूरच्या एका दुर्लक्षित इतिहासाविषयी

१/
मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना संस्था येतात, संस्थापक येतात, मुक्तिसंग्राम येतो, विद्यापीठासाठी झालेली आंदोलने येतात. भल्या सकाळी फाट्यावर थांबून मुलांना शहरातल्या शाळेत पोहोचवणारी बस मात्र त्या इतिहासात कोठेच दिसत नाही. नांदेड आणि लातूर या दोन शहरांपुरते पाहिले तरी ही उणीव मोठी आहे.

२/
या थ्रेडचे प्रतिपादन थोडक्यात असे : या भागात माध्यमिक आणि महाविद्यालयीन शिक्षण पसरले त्यात शाळांच्या इमारतींइतकाच बसच्या वेळापत्रकाचा वाटा आहे. म्हणून शाळेच्या वेळेची फेरी ही वाहतूक खात्याच्या नफ्यातोट्याची बाब न धरता शिक्षणाची बाब धरली पाहिजे. हे का, ते समजण्यासाठी बस नव्हती त्या काळापासून सुरुवात करावी लागते.

३/
बस नव्हती तेव्हा शिकणे म्हणजे घर सोडणे. गावात चौथीपर्यंतची शाळा असली तर असली. पुढचे शिकायचे तर तालुक्याला किंवा त्याहून दूर जाऊन राहावे लागे. गरीब विद्यार्थ्याची सोय 'वार लावून' होत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी जेवण. जोडीला माधुकरी. आत्मचरित्रांतून या दिवसांची वर्णने पुष्कळ आढळतात आणि ती बहुधा कृतज्ञतेने लिहिलेली असतात.

४/
त्या कृतज्ञतेआड एक गोष्ट झाकली जाते. वार कोणाला मिळत? ज्याच्या जातीची घरे गावात होती आणि ज्याला त्या घरांच्या माजघरापर्यंत प्रवेश होता, त्याला. दलित मुलाला वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीला तर नव्हताच. परक्या गावी, परक्या घरी ती राहणार कशी? म्हणजे घर ते शाळा हे अंतर कोसांत मोजले जात असले तरी ते ओलांडण्याचा परवाना जात आणि लिंग पाहूनच मिळत होता.

५/
या अंतरावरचे पहिले आधुनिक उत्तर वसतिगृह हे होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. निजामाच्या राजवटीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक होते. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांची एक संपूर्ण पिढी घडवली.

६/
वसतिगृहाचे मोल कमी नाही. पण त्यातही घर सोडावेच लागे आणि जागा मोजक्याच असत. शेतात हात लागणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी यांना घर सोडणे परवडत नसे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, अशी सोय झाल्याशिवाय त्यांच्यासाठी शाळेचे दार उघडणार नव्हते. ही सोय रेल्वेने केली नाही, बसने केली.

७/
रेल्वे का नाही, हेही पाहण्यासारखे आहे. नांदेड हैदराबाद-मनमाड या मीटरगेज मार्गावर होते. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी पोहोचली. एका शहराला एक रूळ, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही मार्गांची आखणी कापूस, धान्य, यात्रेकरू आणि लष्कर डोळ्यांपुढे ठेवून झालेली. शाळेच्या घंटेशी त्यांच्या वेळापत्रकाचा संबंध नव्हता आणि बहुतेक गावे रुळापासून दूर होती.

८/
आता बसकडे. महाराष्ट्रात एस.टी.चा जन्म १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावरच्या पहिल्या गाडीने झाला, असे शिकवले जाते. मुंबई राज्यापुरते ते खरेच आहे. पण त्या दिवशी नांदेड आणि लातूर मुंबई राज्यात नव्हते, भारतातही नव्हते. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि त्या संस्थानात सरकारी बस तोवर सोळा वर्षांची झाली होती.

९/
हैदराबाद सरकारने १९३० मध्ये रेल्वे ब्रिटिश कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. खासगी मोटारींची स्पर्धा साऱ्या हिंदुस्थानात रेल्वेला जाचू लागली होती. हैदराबादने त्यावर तोडगा काढला : रेल्वेनेच मोटारी चालवायच्या. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याचा आरंभ २७ बस आणि १६६ कर्मचारी यांच्यानिशी झाला. बस ब्रिटनमधील अल्बियन कंपनीच्या होत्या. सार्वजनिक रस्ते-वाहतूक सरकारने स्वतः चालवण्याचा हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा प्रयोग.

१०/
या खात्याच्या गाड्यांच्या क्रमांकातील 'झेड' हे अक्षर निजामाने आपली आई झहरा बेगम हिच्या नावावरून घेतले, अशी आख्यायिका आहे. ती हैदराबादेत आजही हौसेने सांगितली जाते. राजाच्या आईची आठवण अशी एका अक्षरात टिकून राहिली. त्या गाड्यांतून कोणत्या गावची मुले शाळेला गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. बसच्या इतिहासाची अडचण हीच आहे.

११/
पुढचे टप्पे भराभर. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी बसवाहतूक रेल्वेपासून वेगळी होऊन हैदराबाद राज्याकडे आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले, त्यात मराठवाडा आणि विदर्भाच्या परिवहन सेवा सामील झाल्या.

१२/
या तारखांशेजारी दुसरी एक यादी ठेवून पाहावी. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५०. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१. नांदेडचे यशवंत महाविद्यालय १९६३. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०. महाविद्यालये आणि एस.टी.ची आगारे यांचे जाळे एकाच दोन-तीन दशकांत विणले गेले. पहिल्या यादीचे सुवर्णमहोत्सव झाले, गौरवग्रंथ निघाले. दुसरीची दखल महामंडळाच्या वर्धापनदिनापलीकडे गेली नाही.

१३/
त्या जाळ्यातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत मोलाचा धागा म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शहरातून निघालेली बस शेवटच्या गावी थांबते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर नाही तर ग्रामपंचायतीत पथारी टाकतात. पहाटे तीच बस दुधाच्या किटल्या, बाजारकरी आणि दप्तरे घेऊन परत फिरते. गावाला मुक्कामी गाडी मिळणे याचा अर्थ त्या गावातल्या मुलांना दहाच्या घंटेला शहरात हजर राहता येणे, असा होता.

१४/
आणि मग पास. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एस.टी. ६६.६७ टक्के सवलत देते. म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. ग्रामीण मुलींसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची मोफत पास योजना आली. आधी ती पाचवी ते दहावीपर्यंत होती, नंतर बारावीपर्यंत वाढली. वार लावणाऱ्या मुलाला सात घरांची मर्जी सांभाळावी लागे. पासावर जात लिहिलेली नसते आणि वाहक पास पाहतो तेव्हा तो कोणाचे उपकार मोजत नाही.

१५/
बसने जातिभेद संपवला, असा दावा येथे नाही. कोण कोणाशेजारी बसतो, फाट्यापासून वस्ती किती लांब, हे प्रश्न बसमध्येही चढलेच. पण हक्काने तिकीट काढून शाळेला जाता येणे आणि दुसऱ्याच्या दारात ताटासाठी उभे राहून शाळेला जाणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

१६/
आता दोन शहरांच्या रचनेकडे, कारण येथे नांदेड आणि लातूर यांच्या वाटा नेमक्या उलट आहेत. लातूरच्या मध्यभागी गंजगोलाई : १९१७ च्या सुमारास आखलेली वर्तुळाकार बाजारपेठ, जिला सोळा रस्ते येऊन मिळतात. धान्य चहूकडून मधोमध यावे, अशी ही रचना. पुढे त्याच रस्त्यांनी विद्यार्थी आले. राजर्षी शाहू महाविद्यालय मध्यवर्ती बसस्थानकाच्या जवळच आहे. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती वाढली तशी बाहेरगावची मुले वाढत गेली.

१७/
लातूर पॅटर्नची चर्चा सराव परीक्षा, शिस्त आणि गुणवत्तायादी यांभोवती होते. त्याची दुसरी बाजू म्हणजे खोल्या आणि मेस. ज्यांना परवडते त्यांनी खोली करून राहायचे, महिन्याची मेस लावायची. पूर्वी वार लावत, आता मेस लावतात. तेव्हा जात आडवी येई, आता पैसा येतो. ज्यांना खोलीचे भाडे झेपत नाही, त्यांचे लातूर पॅटर्नशी नाते सकाळच्या फेरीवर अवलंबून राहते.

१८/
नांदेडमध्ये उलटे घडले. जुने शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर, बाजार आणि जुनी महाविद्यालये तेथेच. मग सिडकोने दक्षिण तीरावर नवीन नांदेड वसवले. त्याच बाजूला, लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विष्णुपुरीला १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेही विष्णुपुरीलाच. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिकडे गेले.

१९/
या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य होते. लातूरने नांदेडला कुलगुरू दिला. दोन शहरांतला हा रस्ता अहमदपूर आणि लोह्यावरून येतो आणि नांदेड गाठण्याआधी विद्यापीठाच्या दारावरून जातो. एस.टी.साठी विष्णुपुरी हा वाटेवरचा थांबा आहे. विद्यार्थ्यांसाठी ते मुक्कामाचे ठिकाण.

२०/
१९९७ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या नावात उपनगरही आले : नांदेड-वाघाळा. नावाने नदीचे दोन्ही काठ जोडले. पण नाव जोडल्याने शाळा जवळ येत नाही. विद्येची ठिकाणे शहराबाहेर आठ-दहा किलोमीटरवर नेऊन ठेवली, की तेथे पोहोचवणारी बस हाही त्या विद्यापीठाचा एक विभागच होतो. ग्रंथालयाची इमारत जशी आराखड्यात असते, तशी बसही आराखड्यात असायला हवी होती.

२१/
ती का नव्हती, याचे उत्तर कायद्यात सापडते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. त्यांत प्राथमिक शाळा आहेत. कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कामे आहेत. लोकांसाठी बस चालवणे त्यांत येते. शाळा काढणे हे कर्तव्य आणि शाळेला पोहोचवणे ही मर्जी, अशी ही विभागणी. मोठ्या शहरांनी ती मर्जी दाखवली. लहान महानगरपालिकांच्या तिजोरीला मर्जी परवडत नाही.

२२/
संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत तर याहून मौजेची गोष्ट आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तेथे दिले आहेत. त्यांत रस्ते आहेत, पूल आहेत, पथदिवे आहेत, बसथांबेसुद्धा आहेत. बस मात्र नाही! थांबा शहराचा, त्यावर येणारी गाडी कोणाची ते अनुसूची सांगत नाही.

२३/
शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. आठवीनंतर काय? अंतराविषयीचे आश्वासन तेथेच संपते. आणि नववीपासूनच शाळा लांब जाते, वय वाढते, घरच्यांची काळजी वाढते. गळती नेमकी येथे लागते, मुलींची अधिक.

२४/
अंतर आणि मुलींचे शिक्षण यांचे नाते अनुमानाचे राहिलेले नाही. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढले आणि ही वाढ शाळेपासून दूर असलेल्या गावांत ठळक होती. नवी शाळा न बांधता, निव्वळ अंतर आटोक्यात आणून हे साधले.

२५/
महाराष्ट्रातही याची जाण आलेली आहे. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास बस सुरू झाल्या. याच त्या निळ्या रंगाच्या 'मानव विकास'च्या गाड्या. त्या चालवते एस.टी., पण पैसा येतो मानव विकासासाठी. म्हणजे शाळेच्या फेरीचा खर्च वाहतुकीच्या खात्यावर न टाकता विकासाच्या खात्यावर टाकता येतो, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले आहे. लातूर महानगरपालिकेने शहर बसमध्ये महिलांना मोफत प्रवास दिला, त्यामागची दृष्टीही हीच.

२६/
जगाच्या इतिहासातही शाळा आणि बस अनेकदा एकत्र भेटतात. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा सोडण्यास नकार दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने तोच नकार दिला होता. ती शाळेतून शहर बसने घरी निघाली होती. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद मोडण्याचे साधन म्हणून बसचा वापर मान्य केला. बस शिक्षणाचा भाग असू शकते, हे एका न्यायालयाने स्वीकारले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले.

२७/
विरोधी बाजूही मांडली पाहिजे. एस.टी. तोट्यात आहे, सवलतींची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर व्हावी लागते, डिझेल महाग आहे. रिकाम्या परतणाऱ्या फेरीचे ओझे आगाराने का वाहावे? प्रश्न रास्त आहे. पण तोटा दिसला की सर्वांत आधी गळते ती शाळेची फेरी. यात्रेला जादा गाड्या सोडायच्या असोत की लग्नसराई असो, पासधारकांची गाडी काढून घेणे सोपे जाते. पासाचे पैसे आधीच भरलेले असतात आणि विद्यार्थी तक्रार कोठे करणार?

२८/
'ऑटो आहेत की, काळी-पिवळी आहे की,' असेही म्हटले जाते. आहेत, आणि त्यांनी पुष्कळांची अडलेली कामे केली आहेत. पण ऑटो भरल्यावर निघतो. घंटा वाजायच्या वेळी निघेलच असे नाही. त्याला पास चालत नाही. आणि ज्या घरात मुलीला पाठवावे की नाही यावर रोज नव्याने विचार होतो, तेथे ठरलेल्या वेळी, ओळखीच्या वाहकाची गाडी येणे हीच तिच्या शिक्षणाची हमी असते.

२९/
बस थांबली की काय होते, हे २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कर्मचाऱ्यांचा संप विलीनीकरण आणि वेतन यांसाठी होता आणि त्यांच्या व्यथा खोट्या नव्हत्या. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. चर्चा झाली ती महामंडळाच्या बुडालेल्या उत्पन्नाची. बुडालेल्या तासिकांचा हिशेब कोणत्याही खात्याने मांडला नाही, कारण तो मांडणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

३०/
म्हणून मागणी साधी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या वेळेच्या फेऱ्यांची वेगळी यादी असावी. त्यांतील फेरी रद्द करण्याआधी शिक्षण खात्याची संमती लागावी. तिचा तोटा शिक्षणाच्या अंदाजपत्रकातून भरावा. नवे महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा नवा परिसर मंजूर करताना तेथे जाणारी बसही त्याच प्रस्तावात असावी. नांदेड-वाघाळा आणि लातूर या महानगरपालिकांच्या हद्दीत शहर बस ही मर्जीची बाब राहू नये.

३१/
इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी यात एक कामही आहे. किल्ल्यांच्या नोंदी होतात, ताम्रपट वाचले जातात, वीरगळ शोधले जातात. पण बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेले वेळापत्रक पुढच्या रंगकामात पुसले जाते आणि शिक्के मारलेले जुने पास रद्दीत जातात. आपल्या गावाला पहिली गाडी कोणत्या वर्षी आली, मुक्कामी गाडी कधी बंद झाली, तिने शिकायला गेलेली पहिली मुलगी कोण, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घेतले पाहिजे.

३२/
अशा शंभर गावांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर मराठवाड्याच्या शिक्षणाचा एक वेगळाच नकाशा तयार होईल. कोणत्या गावातून डॉक्टर, शिक्षक, वकील झाले आणि कोणत्या गावातून झाले नाहीत, याची काही उत्तरे मुलांच्या बुद्धीपेक्षा सहाच्या गाडीत सापडतील. ही गाडी आजही कुठे येते, कुठे येत नाही. ती येत राहावी, हा वाहतुकीचा हट्ट नसून शिक्षणाचा हक्क आहे, असे त्या नोंदी पुराव्यानिशी सांगू शकतील.